कुणाची पाळी

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, चौथा मजला.
लिफ्ट चालू असली तर बरं, नसली तर सावकाश या.
दारावरची पाटी मोनाप्पानं स्वतः कोरलीय, सागवानात, दोन लिपींत.
कन्नडमधल्या माझ्या नावाला एक दीर्घ जास्त पडलाय.
दुरुस्त करतो म्हणाला, त्याला झाली बारा वर्षं.
आता पोस्टमनसुद्धा मला तसंच ताणून हाक मारतो
आणि मी ओ देते.

आत बघण्यासारखं फार नाही.
सोफ्याची त्याची बाजू खचलेली,
माझ्या बाजूला इस्त्रीचे कपडे, कधीपासूनचे.
फ्रीजच्या दारावर खडूच्या रेघा: कॅरमचा हिशोब.
तो बावीस डाव पुढं आहे.
मी रात्री उठून दोन रेघा पुसते.
त्याला ठाऊक आहे. सकाळी तो तीन काढतो.

गच्ची मात्र बघा. अर्धीच आमची,
अर्धी सोसायटीची, म्हणजे टाक्यांची
आणि हणमशेटकाकूंच्या सांडग्यांची.
मध्ये हद्द म्हणून वांग्यांची एक ओळ.
भोपळ्याचा वेल पलीकडं गेला, त्यावरून दोन बैठका झाल्या,
चहा झाला, कागदावर सह्या झाल्या.
हद्दीच्या बाबतीत आमच्या गावाला अनुभव दांडगा.
वेल मात्र निकालाची वाट न बघता
टाकीवर चढून बसला.

आणि हा टब.
बिडाचा, चार पायांना चार वाघनखं,
कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातला.
उद्यमबागेतली पाच पोरं, जिन्यात तीनदा टेकवला,
एका पायरीचा कोपरा अजून उडालेला आहे.
मला त्यात पाय पसरून आंघोळ करायची होती.
आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात!
शेवटी हळद लावली. हळद पाय पसरून आहे.

खरी गोष्ट सांगायची ती कप्पीची.
लाकडी, तळहाताएवढी, मधे भोक.
मोनाप्पाच्या हातचा फाउंड्रीत नापास झालेला पॅटर्न,
अर्ध्या सुतानं चुकलेला.
लग्नाच्या पहिल्या महिन्यात ती त्यानं तांदळाच्या डब्यात पुरली.
मी त्याच्या हेल्मेटमध्ये बसवली.
त्यानं माझ्या जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली.
अख्ख्या ऑफिसनं बघितली.
ज्याला सापडेल त्यानं लपवायची,
दुसऱ्यानं विचारायचं नाही.
एकदा भांडलो. चार दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.
पाचव्या रात्री मान अवघडली म्हणून उशी उसवली,
तर आत कप्पी.
अंधारात हसू दाबताना पलंग हलतो, काही लपत नाही.

मग ती हरवलीच.
मी म्हणते तू लपवलीस, तो म्हणतो तू.
दोन वर्षं झाली.
कपाटं सरकवली, माळा उतरवला,
जुनी पावती सापडली, एक पैंजण सापडलं,
त्याची हरवलेली, आता जवळच्या नंबराला न चालणारी चष्म्याची जोडी सापडली.
त्याचे गुडघे हल्ली वाकत नाहीत,
मी स्टुलावर चढत नाही.
पाळी कुणाची, ह्याचा निकाल नाही.

काल हळद काढायला टब उकरला.
तळाशी बोटांना गोल काहीतरी लागलं.
लाकूड भिजून मऊ, कडा पोखरलेल्या,
आणि भोकातून हळदीचं एक बोट
आरपार गेलेलं, पलीकडं फुगून बसलेलं.
ओढली असती तर दोन्ही तुटलं असतं.

मागून तो चहा घेऊन आला.
‘काय हुडकूलाईस गं?’
‘हळद.’
त्यानं टबात बघितलं, मग माझ्या पिवळ्या नखांकडं,
मग दुसरीकडंच, टाकीवरच्या भोपळ्याकडं,
जरा जास्तच वेळ.

मी माती परत ओढली. वरून एक कांडं खोचलं.
चहात साखर नव्हती. आम्ही दोघांनी तो प्यायला.
आज नळाचा दिवस आहे,
खाली जाऊन मोटर लावायला पाहिजे.
मी म्हटलं, तू जा.
तो म्हणाला, कालपरवा मीच गेलतो, आता तुझी पाळी.